दोन जीबीला टेकलेली आणि कॉम्पॅक्ट न होणारी अ‍ॅक्सेसची फाईल: सोडवायची कशी?

आमच्या दूध संस्थेचा सगळा हिशेब मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या एकाच फाईलीत होता. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट, एसएनएफ (दुधातले स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ), दहा दिवसांची बिलं, पशुखाद्याची उचल, सगळं. दिवाळीच्या तोंडावर वर्षभराचा दूध फरक, म्हणजे उत्पादकांना दुधावर मागाहून द्यायची वाढीव रक्कम, काढायला घेतला आणि स्क्रीनवर दोनच शब्द आले: ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. क्वेरी, म्हणजे नोंदींतून हिशेब काढायची आज्ञा, तीच, गेल्या वर्षी बिनतक्रार चाललेली. फाईलीचा आकार पाहिला तर २ जीबीच्या अगदी काठावर. कॉम्पॅक्ट करायला घेतलं, ते मध्येच थांबलं. पुन्हा प्रयत्न केला, तर फाईल उघडेनाशीच झाली. ६०० घरं त्या फरकाच्या रकमेवर दिवाळीचा बाजार करणार होती.

फरक वेळेत वाटला गेला, पण त्याआधीचे चार दिवस फार वाईट गेले. त्यातले तीन चुकीच्या क्रमाने हातपाय मारण्यात वाया गेले. तुमची संस्था, शाळा, दवाखाना किंवा दुकान अजून अ‍ॅक्सेसवर चालत असेल, तर हा क्रम जवळ ठेवा.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या

कॉम्पॅक्ट म्हणजे फाईल दाबून लहान करणं असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही. अ‍ॅक्सेस जुन्या फाईलीतून जिवंत नोंदी वाचतं, शेजारी एक नवी फाईल लिहितं, जुनी काढून टाकतं आणि नवीला जुनीचं नाव देतं. वाचा, लिहा, काढा, नाव बदला. कॉम्पॅक्ट अडतं तेव्हा या चारपैकी कुठलं तरी एक काम अडलेलं असतं. कुठलं, ते ओळखलं की उपाय सापडतो.

फाईल का फुगते, याचं उत्तरही इथेच आहे. अ‍ॅक्सेस फाईलीची ४ केबीची पानं पाडतं. नोंद पुसली तरी पान फाईलीतच राहतं, आकार कमी होत नाही. आणि पानांना मर्यादा आहे: २ जीबी म्हणजे ५,२४,२८८ पानं, त्यातही काही अ‍ॅक्सेसच्या स्वतःच्या कामाला जातात. अ‍ॅक्सेस २००० पासून ही मर्यादा तीच आहे. त्याआधीच्या अ‍ॅक्सेस ९७ मध्ये ती १ जीबी होती.

मला दोघातिघांनी सांगितलं होतं की रॅम वाढवा किंवा ६४ बिटचं ऑफिस टाका. त्यावर पैसे घालवू नका. ही मर्यादा फाईलीच्या रचनेत आहे, संगणकाच्या ताकदीशी तिचा संबंध नाही.

जवळ काय हवं

- ज्या संगणकावर काम करणार त्याच्या स्वतःच्या डिस्कवर निदान ५-६ जीबी मोकळी जागा
- फाईलीचा पासवर्ड, असेल तर
- फाईल ज्या आवृत्तीत बनली तीच किंवा त्याहून नवी अ‍ॅक्सेस
- एक बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह
- यूपीएस. लोडशेडिंगच्या वेळेत हे काम काढूच नका.
- शेवटची छापलेली बिलं किंवा गोषवारा, आकडे ताडून पाहायला
- एक वही. कुठल्या प्रतीवर काय केलं ते लिहून ठेवा. सहा प्रती झाल्यावर डोक्यात काही राहत नाही.

१. पहिली प्रत, आणि तिला हात नाही

सगळ्यांना अ‍ॅक्सेस बंद करायला सांगा आणि फाईल बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. नावात तारीख घाला. या प्रतीवर काहीही करून बघायचं नाही, ती फक्त परतीची वाट आहे. कामासाठी दुसरी प्रत स्वतःच्या संगणकावर घ्या, डेस्कटॉपवर किंवा सी ड्राइव्हच्या एखाद्या साध्या फोल्डरमध्ये.

मी इथेच चुकलो होतो. कॉम्पॅक्टचा पहिला प्रयत्न मूळ फाईलीवर केला, तोही नेटवर्कवरून. दुसऱ्या संगणकावरची फाईल नेटवर्कवरून वाचून तिथेच परत लिहायची, आणि मध्ये वायफाय एक क्षण तुटला तर अर्धवट फाईल हाती येते. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह यांसारख्या आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरमध्येही हे काम करू नका. फाईल बदलतेय हे दिसताच सिंक करणारा प्रोग्राम मध्येच तिला हात घालतो.

२. फाईल कोणी उघडी ठेवली आहे का?

कॉम्पॅक्टला फाईल एकट्याच्या ताब्यात लागते. कोणाच्याही संगणकावर ती उघडी असली तर काम होणार नाही.

मूळ फाईलीच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी ‘एलएसीसीडीबी’ असलेली छोटी फाईल दिसते का पाहा. जुन्या ‘एमडीबी’ फाईलीसाठी ती ‘एलडीबी’ असते. ही कुलुपाची फाईल. नोटपॅडमध्ये उघडली तर संगणकांची नावं वाचता येतात, पण त्यावरून लगेच कोणाला फोन करू नका. बाहेर पडलेल्याचं नावही तिथे बराच वेळ राहू शकतं. खरी परीक्षा म्हणजे ही फाईल पुसून पाहणं. पुसली गेली तर आत कोणी नव्हतं, आधी कधीतरी वीज गेल्यावर ती मागे राहिली होती. विंडोज पुसू देत नसेल तर कोणीतरी आत आहे.

ते कोण, हे फाईल ज्या संगणकावर आहे तिथे कळतं. कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा, शेअर्ड फोल्डर्समध्ये ओपन फाइल्स पाहा. आमच्याकडे सगळ्यांनी ‘बंद केलं’ असं शपथेवर सांगितलं होतं आणि खरोखर केलंही होतं. एका संगणकावर अ‍ॅक्सेसची खिडकी बंद होऊनही प्रोग्राम मागे चालू होता. टास्क मॅनेजरमधून तो संपवावा लागला. एक्सेलच्या एखाद्या शीटमध्ये या डेटाबेसची जोडणी केलेली असेल तर ती शीटही फाईल धरून ठेवते, हे सहसा सुचत नाही.

‘अ‍ॅडमिन या वापरकर्त्याने डेटाबेस अशा स्थितीत ठेवला आहे की तो उघडता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो तेव्हा तो अ‍ॅडमिन बहुधा तुम्हीच असता. सुरक्षा वेगळी लावली नसेल तर प्रत्येकाचं नाव अ‍ॅडमिनच असतं. तुमच्याच खिडकीत एखादा फॉर्म डिझाइनमध्ये उघडा आहे का बघा.

३. फाईल किती असायला हवी होती?

ही पायरी मी गाळली होती, आणि दोन दिवस त्यातच गेले. कागद-पेन्सिल घ्या.

आमचे ६०० उत्पादक. दिवसाला दोन वेळा, ३६५ दिवस: वर्षाला ४,३८,००० नोंदी. एका नोंदीत तारीख, वेळ, क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. इंडेक्स (नोंदी झटकन सापडाव्यात म्हणून अ‍ॅक्सेस ठेवतं ती सूची) धरून सढळ हाताने १०० बाइट म्हणा. म्हणजे वर्षाला साधारण ४४ एमबी, नऊ वर्षांचे ४०० एमबी. मग फाईल २ जीबी का?

हा फरक दोन प्रकारचा असू शकतो. एक, रिकामी पानं, म्हणजे पुसलेल्या नोंदींची जागा. ती कॉम्पॅक्टने जाते. दुसरा, खरोखर जिवंत असलेला पण तुमच्या डोक्यात नसलेला माल, जसे फोटो, स्कॅन, विसरलेली टेबलं. तो कॉम्पॅक्टने एक बाइटही कमी होत नाही, कारण अ‍ॅक्सेसच्या दृष्टीने ती तुमचीच नोंद आहे. ‘कॉम्पॅक्ट झालं पण आकार तेवढाच’ असं होत असेल तर पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नका, सरळ आठव्या पायरीवर जा.

४. मूळ फाईल न उघडता, नव्या नावाने कॉम्पॅक्ट

उघड्या फाईलीत बटण दाबून कॉम्पॅक्ट केलं की वाचणं, लिहिणं, काढणं, नाव बदलणं ही चारही कामं एका दमात होतात. त्यातली शेवटची दोन टाळता येतात.

अ‍ॅक्सेस सुरू करा, एक कोरा डेटाबेस उघडा आणि फाईल मेनूतून बंद करा. आता अ‍ॅक्सेस चालू आहे पण आत कुठलीच फाईल नाही. डेटाबेस टूल्समधलं कॉम्पॅक्ट अँड रिपेअर दाबा. तुम्हाला दोन प्रश्न विचारले जातील: कुठली फाईल कॉम्पॅक्ट करायची आणि कुठल्या नावाने ठेवायची. पहिल्याला कामाची प्रत द्या, दुसऱ्याला वेगळं नाव. आमच्या फाईलीवर हे चाललं नाही, पण नंतर दोन ओळखीच्या संस्थांत एवढ्यानेच काम झालं.

सुरू केल्यावर धीर धरा. २ जीबीच्या फाईलीला जुन्या संगणकावर बराच वेळ लागतो आणि खिडकीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं. ते पाहून टास्क मॅनेजरने मारू नका. फोल्डरमध्ये नव्या फाईलीचा आकार वाढतोय का ते पाहत राहा. वाढतोय तोवर काम चालू आहे. अँटिव्हायरस त्या फोल्डरपुरता बाजूला ठेवता आला तर बरं.

एक खूण लक्षात ठेवा. मूळ फोल्डरमध्ये ‘डेटाबेस’, ‘डेटाबेस १’ अशा नावांच्या, तुम्ही न बनवलेल्या फाईली दिसल्या तर त्या लगेच पुसू नका. कॉम्पॅक्ट झालं, पण जुनी फाईल काढायची किंवा नाव बदलायची परवानगी त्या फोल्डरमध्ये नव्हती, असं झालं की त्या मागे राहतात. म्हणजे तुम्हाला हवी असलेली लहान फाईल कदाचित तिथे आधीच तयार असेल. तिची प्रत घ्या, उघडा, नोंदी मोजा.

५. संदेश वाचा, त्यावरून वाट ठरते

‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’: शब्दांवरून काही कळत नाही, पण मोठ्या फाईलीत हा बहुतेक वेळा २ जीबीची हद्द लागल्याचा संदेश असतो. आमच्याकडे दूध फरकाच्या क्वेरीने वर्षाच्या सव्वाचार लाखांवर नोंदींचं नवं टेबल त्याच फाईलीत बनवायला घेतलं, आणि पानं संपली.

‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट’: फाईल बिघडली असं मानण्याआधी आवृत्ती तपासा. कोणीतरी नव्या अ‍ॅक्सेसमध्ये ‘लार्ज नंबर’ प्रकारचा रकाना घातला असेल तर जुनी अ‍ॅक्सेस ती फाईल ओळखत नाही. नवी आवृत्ती असलेल्या संगणकावर एकदा उघडून पाहा. तिथेही हाच संदेश आला तर मात्र बिघाड खरा.

‘कुड नॉट फाइंड फील्ड डिस्क्रिप्शन’, क्रमांक ३७९९: तुमच्या टेबलांत ‘डिस्क्रिप्शन’ रकाना शोधत बसू नका. बिघाड अ‍ॅक्सेसच्या आतल्या टेबलांत आहे. सहाव्या पायरीवर जा.

‘फाईल शेअरिंग लॉक काउंट एक्सीडेड’, क्रमांक ३०५२: एकाच झटक्यात फार नोंदी बदलायला घेतल्या. कुलुपांची ठरलेली मर्यादा ९,५०० आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीत ती वाढवता येते, पण तुकड्यातुकड्याने काम केलं तर त्याची गरजच पडत नाही.

कॉम्पॅक्ट पूर्ण झालं तरी सिस्टिम ऑब्जेक्ट्स दाखवायची सोय चालू करून टेबलांची यादी पाहा. ‘एमसिसकॉम्पॅक्ट’ने सुरू होणारं टेबल नव्याने आलेलं दिसलं तर दुरुस्तीत काही नोंदी किंवा इंडेक्स गळाले आहेत. कुठल्या टेबलातलं काय, हे त्यात लिहिलेलं असतं. हे न पाहता फाईल वापरायला दिली तर प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) उडालेली महिनाभराने कळते, तोवर दुबार नोंदी घुसलेल्या असतात.

६. टेबल टेबल करत नव्या घरात

आमचं काम इथे झालं. कॉम्पॅक्ट जे एका दमात करतं तेच तुम्ही हाताने, तुकड्यांत करायचं.

नवा कोरा डेटाबेस बनवा. काही आणण्याआधी ऑप्शन्समधल्या करंट डेटाबेसखाली दोन खुणा तपासा: ‘कॉम्पॅक्ट ऑन क्लोज’ आणि ‘ट्रॅक नेम ऑटोकरेक्ट इन्फो’. दोन्ही काढून टाका.

मग एक्स्टर्नल डेटामधून जुन्या फाईलीतली टेबलं इंपोर्ट करा. सगळी एकदम नाही. आधी लहान: सभासद, दरपत्रक, खाती. प्रत्येक खेपेनंतर नव्या फाईलीचा आकार वहीत लिहा. अ‍ॅक्सेस टेबलनिहाय आकार कुठेच दाखवत नाही. हाच एक सोपा मार्ग आहे, आणि जागा कोणी खाल्ली ते इथेच उघड होतं. आमचं सभासदांचं टेबल ६०० नोंदींचं. ते आणलं आणि नवी फाईल एकदम १.१ जीबीच्या पुढे गेली.

मोठं टेबल असं थेट आणू नका. इंपोर्टच्या ऑप्शन्समध्ये ‘डेफिनिशन ओन्ली’ निवडून फक्त सांगाडा आणा. जुनं टेबल लिंक करा आणि अपेंड क्वेरीने एकेक वर्षाच्या नोंदी ओता. ऑटोनंबरचा, म्हणजे आपोआप क्रमांक पडणारा, रकाना क्वेरीत घेतला तर जुने क्रमांक तसेच येतात, पावत्यांचे नंबर बदलत नाहीत. क्वेरीच्या प्रॉपर्टीत ‘यूज ट्रान्झॅक्शन’ला ‘नो’ केलं तर कुलुपांचा भार कमी होतो. प्रायमरी की सोडून बाकीचे इंडेक्स आधी काढा आणि सगळं ओतून झाल्यावर पुन्हा बनवा, वेळ बराच वाचतो.

सगळी टेबलं आल्यावर क्वेरी, फॉर्म, रिपोर्ट, मॉड्यूल. रिलेशनशिप्सची खूण ऑप्शन्समध्ये असते, पण तुकड्यांत आणलेल्या टेबलांसाठी ती नाती बहुतेक हातानेच जोडावी लागतात. म्हणून जुन्या फाईलीतला रिलेशनशिपचा नकाशा आधीच छापून ठेवा.

कोरी फाईल उघडी असतानाही जुन्या फाईलीचं नाव घेताच इंपोर्ट नाकारलं जात असेल तर पहिल्या प्रतीवरून नवी कामाची प्रत घेऊन एकदा पुन्हा करा. माझी पहिली कामाची प्रत अर्धवट कॉम्पॅक्टने आणखी बिघडली होती, दुसरीतून टेबलं आली.

७. एकच नोंद सगळ्यांना अडवते तेव्हा

एखाद्या वर्षाच्या नोंदी येतच नाहीत, मध्येच ३१९७ क्रमांकाचा संदेश येतो: तुम्ही आणि दुसरा कोणी एकाच वेळी तीच माहिती बदलताय. दुसरं तर कोणी नाहीच. हे बिघडलेल्या मेमो म्हणजे लाँग टेक्स्ट रकान्याचं ओळखीचं लक्षण आहे. लांबलचक मजकूर नोंदीसोबत राहत नाही, वेगळ्या पानांवर असतो आणि नोंदीत फक्त त्याचा पत्ता. पत्ता चुकला की असं होतं. कधी त्या रकान्यात अनाकलनीय चिनी अक्षरंही दिसतात.

अशी नोंद हुडकायला नोंदींचे दोन भाग करा. पहिला ओतून पाहा. गेला तर दोष दुसऱ्यात. त्याचे पुन्हा दोन भाग. सव्वाचार लाख नोंदींत जास्तीत जास्त १९ वेळा असं केलं की नेमकी नोंद हाती येते. ती सोडून बाकी सगळं ओता. मग त्या नोंदीचे मेमोखेरीजचे रकाने वेगळे आणा. आमच्याकडे अशा तीन नोंदी निघाल्या. तिन्हींचे लिटर आणि रक्कम शाबूत होती, गेला तो फक्त शेऱ्याचा मजकूर.

८. जागा कोणी खाल्ली?

*फोटो.* सभासदांच्या टेबलात ‘ओएलई ऑब्जेक्ट’ रकाना होता आणि त्यात पासबुकाच्या पहिल्या पानाचे स्कॅन चिकटवलेले. मूळ जेपीजी दीडशे-दोनशे केबीची. पण या रकान्यात चित्र चिकटवताना अनेकदा त्याचं न दाबलेलं बिटमॅप रूपही साठवलं जातं. १२०० बाय १६०० पिक्सेलचं रंगीत चित्र, प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट, म्हणजे ५.७६ एमबी. अशी २०० पासबुकं: १,१५२ एमबी. निम्म्याहून जास्त फाईल त्या २०० पानांनी भरली होती.

उपाय सरळ आहे. चित्रं एका फोल्डरमध्ये जेपीजी म्हणून ठेवा, नाव सभासद क्रमांकाचं द्या, आणि टेबलात फक्त फाईलीचा पत्ता मजकूर म्हणून लिहा. फॉर्मवरचा इमेज कंट्रोल त्या पत्त्यावरून चित्र दाखवतो. आतली चित्रं बाहेर काढायला आम्ही एकेक उघडून पेंटमध्ये चिकटवून साठवली, दोघांना दोन दिवस लागले. फॉर्मवर लावलेल्या लोगोसाठी करंट डेटाबेसमधला ‘प्रिझर्व्ह सोर्स इमेज फॉरमॅट’ हा पर्याय निवडा.

*तात्पुरती टेबलं.* दर दहा दिवसांच्या बिलाला १२,००० नोंदींचं टेबल बनवायचं, बिलं छापायची, टेबल पुसायचं. महिन्यातून तीनदा, वर्षाला ३६ वेळा, आणि चूक निघाली की पुन्हा. ही तात्पुरती टेबलं वेगळ्या छोट्या फाईलीत ठेवा आणि मुख्य फाईलीत लिंक करा. बिलं छापून झाली की ती छोटी फाईल पुसून तिच्या जागी कोरी ठेवता येते. मुख्य फाईल फुगतच नाही. या एका बदलाचा आम्हाला सगळ्यात जास्त फायदा झाला.

*नको असलेले इंडेक्स.* रकान्याच्या नावात ‘आयडी’, ‘कोड’, ‘की’, ‘नम’ ही इंग्रजी अक्षरं सुरुवातीला किंवा शेवटी असली की अ‍ॅक्सेस स्वतःहून इंडेक्स बनवतं. रिलेशनशिप जोडली की आणखी एक, न दिसणारा. ऑब्जेक्ट डिझायनर्सच्या ऑप्शनमध्ये ‘ऑटोइंडेक्स’ची ती चौकट रिकामी करा आणि टेबलांतले दुबार इंडेक्स काढा.

*मराठी मजकूर.* अ‍ॅक्सेस २००० पासून मजकूर युनिकोडमध्ये, दर अक्षराला २ बाइट असा साठतो. इंग्रजी अक्षरांना ‘युनिकोड कॉम्प्रेशन’ने १ बाइट पुरतो, देवनागरीला ती सवलत मिळत नाही. त्यात काना, मात्रा, वेलांटी हे प्रत्येक वेगळं अक्षर धरलं जातं. ‘कोल्हापूर’ म्हणजे ९ अक्षरं, १८ बाइट. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर आत रोमन अक्षरांसारखा साठलेला असतो, म्हणून तो युनिकोडमध्ये बदलल्यावर टेबल वाढलेलं दिसतं. यासाठी युनिकोड टाळू नका, तो हवाच. फक्त गावाचं नाव लाखो नोंदींत लिहिण्याऐवजी गावांचं वेगळं टेबल करून नोंदीत क्रमांक ठेवा.

रकान्याची लांबी २५५ वरून ५० केल्याने आकार कमी होत नाही. जेवढं लिहिलं तेवढीच जागा जाते.

फॉर्म आणि कोडची फाईल स्वतःच फुगली असेल तर अ‍ॅक्सेस सुरू करण्याच्या आज्ञेपुढे ‘डीकंपाइल’ हा स्विच लावून, मग कॉम्पॅक्ट करून बऱ्याच जणांचं काम झालं आहे. हा स्विच अधिकृत मदतीत सापडत नाही, म्हणून प्रतीवरच करा.

९. फाईल दोन भागांत करा

टेबलं एका फाईलीत, फॉर्म-क्वेरी-रिपोर्ट दुसरीत. डेटाबेस टूल्समध्ये ‘अ‍ॅक्सेस डेटाबेस’ नावाचं बटण हे वाटप करून देतं. टेबलांची फाईल मुख्य संगणकावर, आणि दुसऱ्या फाईलीची स्वतंत्र प्रत प्रत्येकाच्या संगणकावर. एकच फॉर्मची फाईल चौघांनी नेटवर्कवरून उघडणं हे बिघाडाचं नेहमीचं कारण आहे.

२ जीबीची मर्यादा प्रत्येक फाईलीला वेगळी असते, त्यामुळे जुनी वर्षं तिसऱ्या फाईलीत ठेवून लिंक करता येतात. मात्र दोन फाईलींमधल्या टेबलांत नात्याची सक्ती, म्हणजे रेफरेन्शियल इंटिग्रिटी, लावता येत नाही. म्हणून जिथे रोज नोंद होते ती टेबलं आणि सभासदांचं टेबल एकाच फाईलीत राहू द्या.

‘कॉम्पॅक्ट ऑन क्लोज’ची खूण काढायला का सांगितलं ते आता कळेल. फाईल दोन भागांत असली तर तो फक्त समोरची फॉर्मची फाईल कॉम्पॅक्ट करतो, टेबलांची नाही. आणि सगळं एकाच फाईलीत असलं तर संध्याकाळी घाईत बंद करताना वीज गेली की सगळा डेटा पणाला लागतो.

१०. अ‍ॅक्सेस कधी अपुरं पडतं?

तिसऱ्या पायरीतला तुमचा हिशेबच जर दीड जीबीपुढे जात असेल, म्हणजे खऱ्या नोंदीच तेवढ्या असतील, तर टेबलं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्याच मोठ्या डेटाबेसमध्ये हलवा. ते मोफत आहे आणि २०२२ च्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबी मिळतात. फॉर्म आणि रिपोर्ट अ‍ॅक्सेसमध्येच राहतात, टेबलं ओडीबीसीने (दोन डेटाबेस जोडणारा दुवा) जोडली जातात. हलवण्यासाठी मायक्रोसॉफ्टचंच ‘एसक्यूएल सर्व्हर मायग्रेशन असिस्टंट फॉर अ‍ॅक्सेस’ मोफत मिळतं. एक्सप्रेसमध्ये ठरावीक वेळी आपोआप बॅकअप घेणारा एजंट नसतो, ते काम विंडोजच्या टास्क शेड्युलरला सांगावं लागतं. हे न केल्याने बॅकअपच नाही, अशी अवस्था मी पाहिली आहे.

११. वापरायला देण्याआधी आकडे ताडून पाहा

नवी फाईल उघडली, फॉर्म दिसले, म्हणून काम झालं असं धरू नका. जुन्या आणि नव्या फाईलीत प्रत्येक वर्षासाठी तीन आकडे काढा: नोंदींची संख्या, एकूण लिटर, एकूण रक्कम. शेजारी शेजारी लिहा. मग कुठल्याही दहा उत्पादकांची मागची बिलं काढून छापील बिलांशी जुळवा. दहापैकी निदान दोन असे घ्या ज्यांच्या खात्यावर पशुखाद्याची उचल आणि कपात दोन्ही आहेत. तिथे दोन टेबलांचं नातं लागतं, आणि नातं तुटलं असेल तर तिथेच दिसतं.

आमच्याकडे एका वर्षात ४६ नोंदी कमी भरल्या. एका सकाळच्या संकलनाचा काही भाग अपेंड करताना राहून गेला होता. तीन आकडे काढले नसते तर ४६ जणांचा त्या सकाळच्या दुधाचा फरक बुडाला असता. पहिल्या प्रतीतून त्या नोंदी पुन्हा घेतल्या, बेरीज जुळली, आणि मग फरकाची क्वेरी लावली. नवी फाईल ४३० एमबीची झाली होती.

जुनी फाईल पुसू नका. लेखापरीक्षण होईपर्यंत ती बाहेरच्या डिस्कवर राहू द्या, आणि तिच्यासोबत ती वहीसुद्धा.